एजन्सी म्हणतेय प्रायव्हेट लिमिटेड कर, मागची बिलं मात्र देत नाही. काय करू?

हळदीचा_कोड (सांगली):
नमस्कार मंडळी, जरा मोठं आहे पण वाचून सल्ला द्या. मी सांगलीतून वेबसाइटची कामं करतो, आधी पुण्यात नोकरी होती, लॉकडाउनला गावी आलो तो परत गेलोच नाही. सुरवातीला एकटाच होतो, आता दोन पोरं आहेत हाताखाली, एक मुलगी १८ हजारावर (रिअॅक्ट एकदम भारी करते) आणि एक मुलगा २२ हजारावर, विश्रामबागला छोटं ऑफिस भाड्यानं घेतलंय. बोलायला "आमची कंपनी" पण कागदावर सगळं माझ्याच नावावर, प्रोप्रायटरशिप. जीएसटी आहे, उद्यम (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) पण आहे (बँकेनं सीसी म्हणजे कॅश क्रेडिट कर्जासाठी काढायला लावलेलं). वर्षाला ३२ लाखाच्या आसपास बिलिंग होतं, पगार, भाडं, डिझायनरला बाहेरून दिलेले पैसे, सर्व्हर असं सगळं धरून साडेबारा लाख खर्च.

आता मुद्दा. या ३२ लाखातले पाऊण पुण्याच्या एकाच एजन्सीकडून येतात. ते क्लायंट आणतात, काम आम्ही करतो, क्लायंटला आमचं नावही माहीत नसतं, झूम कॉलवर सुद्धा त्यांच्या नावाचा ईमेल लावून बसायचं. ते ठीक आहे, माझी काही तक्रार नव्हती. पण आता चार महिने झाले तीन बिलं अडकलीत, ५ लाख ४० हजार अधिक जीएसटी. विचारलं की एकच उत्तर, "एंड क्लायंटकडून आलं नाही अजून". आणि जीएसटीचे ९७,२०० मी माझ्या खिशातून भरून बसलोय कारण बिल टाकलं की भरावाच लागतो, पैसे येवोत न येवोत.

आणि आता नवीन काढलंय, म्हणतात तू प्रायव्हेट लिमिटेड कर, आमच्या व्हेंडर लिस्टमध्ये कंपनीच लागते, मग वर्षाचं मोठं कॉन्ट्रॅक्ट देऊ. घरचे म्हणतात कर की, नावाच्या पुढं प्रा. लि. लागेल. मला कळंना झालंय. कंपनी करावी का? आणि अडकलेल्या पैशाचं काय? तिन्ही साइट लाइव्ह आहेत आणि सर्व्हरचा अॅक्सेस अजून माझ्याकडेच आहे.

रात्रपाळी:
भावा अॅक्सेस तुझ्याकडं आहे आणि तू आम्हाला विचारतोयस? शुक्रवारी संध्याकाळी तिन्ही साइट खाली घे, सोमवारी सकाळी पैसे खात्यात. मी तर प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक स्विच ठेवतोच, पैसे नाही आले की होमपेज पांढरं.

कलमकसाई:
@रात्रपाळी, हे असलं जाहीर लिहू नका राव, आणि @हळदीचा_कोड तुम्ही तर चुकूनही करू नका. साइट ज्याची चालू आहे तो एंड क्लायंट, सर्व्हर त्याच्या किंवा एजन्सीच्या खात्यावर, त्यांच्या परवानगीशिवाय तुम्ही काही बंद पाडलंत की आयटी अॅक्ट २००० चं कलम ४३ आणि ६६ लागतं, ६६ मध्ये तीन वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे आत्ता ते तुमचे देणेकरी आहेत, शनिवारी सकाळी तुम्ही त्यांचे आरोपी. आपली बाजू भक्कम असताना ती घालवायची कशाला.

तुमच्याकडे कायदेशीर हत्यार वेगळंच आहे. लेखी कॉन्ट्रॅक्टमध्ये कॉपीराइट एजन्सीला दिल्याचं कुठं लिहिलंय का ते आधी शोधा. कॉपीराइट अॅक्ट १९५७ च्या कलम १७ प्रमाणे नोकर माणसानं नोकरीत लिहिलेल्या कोडची मालकी नोकरी देणाऱ्याचीच असते पण कॉन्ट्रॅक्टर हा नोकर नव्हे, त्यानं लिहिलेला कोड त्याचाच, जोपर्यंत तो सही करून लेखी देत नाही तोपर्यंत (कलम १९). नुसतं ईमेलवर "काम तुमचं" म्हटल्यानं हक्क जात नाही. बऱ्याच लोकांना वाटतं पैसे दिले की कोड आपोआप आपला, तसं नसतं. वापरायची परवानगी मिळाली असं कोर्ट धरू शकतं, मालकी वेगळी. म्हणून पुढच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये एक ओळ घाला, पूर्ण रक्कम मिळाल्यावरच हक्क हस्तांतरित होतील. हीच ओळ तुमच्या बाहेरच्या डिझायनरकडून पण लिहून घ्या बरं, तो तुमचा नोकर नाही, त्याचे हक्क तुमच्याकडे आले नसतील तर तुम्ही पुढं काय देणार?

खातेवही (नाशिक):
सीए आहे, दोन्ही प्रश्नांवर लिहिते. आधी कंपनीचं.

दादा, तुमचा खर्च साडेबारा लाख म्हणजे खरा नफा साडेएकोणीस. पण तुम्ही प्रोप्रायटर आहात आणि आयटी हा नोटिफाइड प्रोफेशन (सरकारनं यादीत घातलेला व्यवसाय) आहे त्यामुळे आयकराचं कलम ४४एडीए घेता येतं, जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरायची, हिशेबाच्या वह्या नकोत, ऑडिट नको. मर्यादा ७५ लाख, फक्त रोख जमा ५ टक्क्याच्या आत पाहिजे, तुमची तर सगळी बँकेतूनच येत असणार. म्हणजे १६ लाखावर टॅक्स. नवीन रिजीममध्ये २०२५-२६ च्या स्लॅबनं १ लाख २० हजार आणि सेस धरून १,२४,८००. बास. अॅडव्हान्स टॅक्सही चार हप्त्यात नाही, १५ मार्चला एकदाच. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, त्यात कलमांचे नंबर बदललेत, लोक मात्र अजून जुन्याच नंबरनं बोलतात, मीही.)

कंपनी केलीत की ४४एडीए गेलं, ते कंपनीला आणि एलएलपीला (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) नाही. डायरेक्टर म्हणून पगार घेऊन टॅक्स थोडा खाली आणता येतो पण वर जो आकडा लिहिलाय त्याच्या खाली नाही येत, मी मांडून बघितलं. वर ऑडिट कंपल्सरी, एक रुपयाचा धंदा नसला तरी. मग एओसी-४ आणि एमजीटी-७ए हे वार्षिक फॉर्म, डायरेक्टरचं केवायसी, सुरवातीला १८० दिवसात धंदा सुरू केल्याचा फॉर्म, आणि वार्षिक फॉर्म राहिला की दर फॉर्मला दिवसाला १०० रुपये, त्याला वरची मर्यादाच नाही. माझ्याकडं अशी पोरं येतात, मित्रांनी हौसेनं कंपनी काढली, सहा महिन्यात भांडणं झाली, कंपनी तशीच पडून आणि दंड मीटरसारखा चालू. बंद करायला पण पैसे लागतात. एकाच माणसाची ओपीसी काढली तरी ऑडिट चुकत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, माणसं वाढली आणि खर्च निम्म्याच्या वर गेला की ४४एडीए तोट्याचं होतं, कारण नफा ४० टक्के आणि टॅक्स ५० टक्क्यावर. तेव्हा वह्या ठेवून ऑडिट करून खरा नफा दाखवायचा. काही जण "४४एडीमध्ये (छोट्या धंद्याचं कलम) बसवून ६ टक्के दाखवू" म्हणतात, तुमच्या कामाला मी तरी सही करणार नाही.

आता अडकलेलं बिल. उद्यम आहे म्हणताय, ते ही कामं सुरू होण्याच्या आधीचं आहे ना? तारीख बघा, सगळं त्यावर अवलंबून आहे. आधीचं असेल तर एमएसएमई कायदा २००६ चं कलम १५, लेखी ठरलं असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, लेखी काही नसेल तर १५ दिवस. "आमच्या क्लायंटनं दिलं नाही" याला त्या कायद्यात जागाच नाही, तुमचा करार एजन्सीशी आहे. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, महिन्याला चक्रवाढ, आणि ते व्याज एजन्सीला खर्चातही टाकता येत नाही.

पण व्याजाला कुणी भीत नाही हो. भितात ते या दोन गोष्टींना: एक, आयकराचं कलम ४३बी(एच), सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं मुदत उलटलेलं बिल ३१ मार्चला थकीत असेल तर तो खर्च त्यांना त्या वर्षी मिळत नाही, ५ लाख ४० हजार त्यांच्या नफ्यात मिळवून टॅक्स बसतो. दोन, तुमच्या बिलावरचं जीएसटी क्रेडिट (तो जीएसटी स्वतःच्या जीएसटीतून वजा करणं) त्यांनी कधीच घेतलं असणार, बिलाच्या तारखेपासून १८० दिवसात पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. तुमचे चार महिने झालेत म्हणजे दोन राहिले.

त्यामुळे ईमेल प्रोजेक्ट मॅनेजरला लिहू नका, तो बिचारा स्वतःच्या पगाराची वाट बघत असेल. त्यांच्या अकाउंट्सला लिहा, सीएला सीसी मिळाला तर उत्तम. बिल नंबर, तारीख, उद्यम नंबर, ४५ दिवस कधी संपले, १८० कधी संपतात. आवाज चढवायचा नाही, फक्त तारखा.

पंचगंगा_देव (कोल्हापूर):
खातेवहीताई मस्त लिहिलंय, प्रिंट काढून ठेवण्यासारखं.

मी हा धंदा बराच काळ करतोय, इचलकरंजीच्या सूतवाल्यांपासून दवाखान्यांपर्यंत सगळ्यांच्या साइट केल्यात, एजन्सीची कामंही केली. माझं मत विचाराल तर प्रा. लि. हा तुमचा प्रश्नच नाहीये. तुमचा प्रश्न आहे की एकच माणूस तुम्हाला पाऊण पगार देतो आणि तो कधी द्यायचा ते तोच ठरवतो. याला आपल्याकडं नोकरी म्हणतात, फक्त पीएफ नाही, सुट्टी नाही आणि दोघांचा पगार वरून तुम्हीच द्यायचा. कंपनी काढलीत तर हेच सगळं होणार, फक्त लेटरहेड बदलेल.

तुम्ही सांगलीचे, तुम्हाला बेदाण्याचे सौदे माहीत असतील. दिवाळीच्या आधी सौदे बंद ठेवून झिरो पेमेंट करतात, मागचं सगळं देणं मिटलं की मगच पुढचा माल. तेवढी शिस्त तासगावच्या अडत दुकानात आहे आणि आपण लॅपटॉपवाले मागचं थकलेलं असताना पुढच्या प्रोजेक्टची डिझाइनची फाइल उघडून बसतो.

तर आधी नवीन काम थांबवा. चालू असलेलं एखादं असेल तर तिथं सांगा की बाबा मागची तिन्ही बिलं जमा झाली की दुसऱ्या दिवशी सुरू करतो. लाइव्ह साइटला हात लावायचा नाही (रात्रपाळी, तुम्ही तो स्विच काढून टाका, कधीतरी स्वतःच अडकाल), पण नवीन काम न करणं हा तुमचा पूर्ण हक्क आहे, त्याला कुठलं कलम लागत नाही.

पुढच्या कामाची पद्धत माझी अशी, ४० टक्के काम सुरू करताना, ३० डिझाइन आणि मेन पानं स्टेजिंगवर (लाइव्ह करायच्या आधीची चाचणीची जागा) दिसली की, ३० डोमेनवर चढवायच्या आधी. आधी, नंतर नाही. स्टेजिंग माझ्या सर्व्हरवर असतं, शेवटचा हप्ता आला की मगच त्यांच्या सर्व्हरवर जातं. यात कुणाचं काही बंद पाडायची वेळच येत नाही. आणि डोमेन, होस्टिंग नेहमी क्लायंटच्या नावावर आणि क्लायंटच्या कार्डावर, मी कधीच माझ्या खात्यात घेत नाही. लोकांना वाटतं डोमेन आपल्याकडं ठेवलं की क्लायंट बांधलेला राहतो, उलट होतं, रिन्युअल विसरलं की रात्री दोनला फोन तुम्हालाच.

"चेंज" शब्दाची पण किंमत ठरवून ठेवा. दोन फेऱ्या फुकट, तिसरीपासून तासावर. हे कोटेशनमध्ये नसलं की मालकाचा मेहुणा व्हॉट्सअॅपवर बॅनर पाठवत बसतो आणि तुमची पोरगी आठवडाभर रंग बदलत बसते. वार्षिक मेन्टेनन्स वेगळा लावा, रक्कम लहान असली तरी चालेल, पण एप्रिलमध्ये एकदम येते आणि भाडं निघतं.

ठाणेकर८२:
थोडी उलटी बाजू मांडतो. सगळे कंपनी नको म्हणतायत पण मी केली आणि मला उपयोग झाला. माझी दोन गिऱ्हाइकं अमेरिकेतली, त्यातल्या एकाच्या लीगलला प्रोप्रायटर हा प्रकार झेपेचना, शिवाय लाएबिलिटीचा क्लॉज असा की उद्या त्यांचा डेटा फुटला तर दावा थेट माझ्या राहत्या घरापर्यंत आला असता. कंपनीत ते निदान भागभांडवलापुरतं थांबतं. पोरांना शेअर द्यायचे असतील तरी कंपनीच लागते. पण ऑडिटचा वगैरे खर्च माझ्या बिलिंगला जाणवत नाही, ३२ लाखाला जाणवेल.

बाहेरची कामं करणार असाल तर मात्र एक सांगतो, दरवर्षी एप्रिलमध्ये जीएसटीच्या साइटवर एलयूटी म्हणजे हमीपत्र भरायचं (फॉर्म आरएफडी-११), मग एक्स्पोर्टच्या बिलावर १८ टक्के भरावे लागत नाहीत. एक वर्ष भरलं म्हणून पुढच्या वर्षी चालत नाही. आणि बँकेकडून किंवा ज्याच्यातून पैसे येतात त्याच्याकडून प्रत्येक जमेचं एफआयआरए (परदेशातून पैसे आल्याचा दाखला) घेऊन फोल्डरला टाकायचं, नंतर मागितलं की बँकवाले फिरवतात.

हळदीचा_कोड (सांगली):
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं.

उद्यमची तारीख बघितली, तिन्ही कामांच्या आधीची आहे. कॉन्ट्रॅक्ट म्हणाल तर एक पानाचं वर्क ऑर्डर आहे, त्यात "पेमेंट ४५ दिवसात" लिहिलंय, एंड क्लायंटचं काही नाही आणि कॉपीराइटचंही काही नाही. काल त्यांच्या अकाउंट्सच्या मॅडमना ताईंनी सांगितलं तसं मेल टाकलं, फक्त तारखा. गंमत म्हणजे इतके दिवस फोन न उचलणारा मॅनेजर तासाभरात स्वतःहून फोन करतो, "अरे असं मेलवर कशाला, आपण बोललो असतो की". एक बिल, १ लाख ६० चं, या आठवड्यात सोडतो म्हणालाय, बाकीचं दोन टप्प्यात. मी म्हटलं चालेल पण तारखा मेलवरच द्या. नवीन काम थांबवलंय, पोटात गोळा आहे पण थांबवलंय.

कंपनीचं आता तरी नाही करत.

दोन छोटे प्रश्न राहिले. एक, हप्त्यावर काम घेतलं तर जीएसटी कधी भरायचा, आधी प्रोफॉर्मा (कच्चं बिल) देऊन पैसे आल्यावर टॅक्स इनव्हॉइस दिलं तर चालतं का? दोन, एजन्सी १० टक्के टीडीएस कापते पण २६एएसला (आपल्या नावावर जमा टॅक्सचं आयकर खात्याचं पत्रक) मागच्या तिमाहीचा दिसतच नाहीये.

खातेवही (नाशिक):
वा, मॅनेजर हलला म्हणजे मेल बरोबर जागी लागलं.

प्रोफॉर्मा चालतं, पण त्याला अर्थ आगाऊ हप्त्यापुरताच. सर्व्हिसमध्ये अॅडव्हान्स आला की त्या महिन्याचा जीएसटी लागतोच, पण पैसे हातात असतात म्हणून टोचत नाही. काम पूर्ण झाल्यावर मात्र ३० दिवसात टॅक्स इनव्हॉइस काढावंच लागतं, पैसे आले नाहीत म्हणून प्रोफॉर्मावर सहा महिने बसता येत नाही. म्हणून पंचगंगादादांची ४०-३०-३० ची पद्धत जीएसटीलाही बरोबर बसते, डोमेनवर चढायच्या आधी सगळे पैसे आलेले असतात. आणि तुमचं बिलिंग ५ कोटीच्या आत आहे, क्यूआरएमपी (तिमाही रिटर्नची सोय) घेतलं नसेल तर घ्या, रिटर्न तिमाही होतं, टॅक्स मात्र तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत, तिसऱ्याचा रिटर्नसोबत.

टीडीएस. तिमाहीचं रिटर्न भरल्याशिवाय २६एएसला दिसत नाही, त्यामुळे ताज्या तिमाहीचं थोडं थांबा. मुदत उलटूनही दिसलं नाही तर कापलाय पण भरला नाही असा संशय घ्यायला जागा आहे, तेव्हा १६ए (टीडीएसचा दाखला) मागा, लेखी. बँक स्टेटमेंट आणि टीडीएस वजा करून आलेली रक्कम जपून ठेवा, तुमचा कापलेला टॅक्स परत तुमच्याकडून वसूल करता येत नाही पण ते सिद्ध करायला कागद लागतो. या असल्या पार्टीचं काम परत सुरू करायच्या आधी मी असते तर मागच्या सगळ्या तिमाह्या तपासल्या असत्या.

बाकीच्या दोन टप्प्यांपैकी एकही चुकला तर समाधानच्या (छोट्या उद्योगांच्या थकीत बिलांची सरकारी साइट) नवीन ओडीआर पोर्टलवर अर्ज टाका, तो फॅसिलिटेशन कौन्सिलकडं जातो. तिथं निकाल तुमच्या बाजूनं लागला आणि त्यांना कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. वेळ लागतो, उद्या निकाल येईल असं समजू नका. पण नोटीस गेल्यावर बरेच जण तडजोडीला येतात.

रात्रपाळी:
स्विच काढला बरं का. कलम ६६ वाचून झोप उडाली. आता मला पण ४०-३०-३० च करावं लागणार, पण आमच्या गिऱ्हाइकांना ४० टक्के आधी म्हटलं की ते "शेजारचा पोरगा ५ हजारात करतो" म्हणतात, त्यांना काय सांगायचं?

पंचगंगा_देव (कोल्हापूर):
त्यांना शेजारच्या पोराचा नंबर द्यायचा. खरंच देतो मी. त्यातले निम्मे वर्षभरात परत येतात, साइट हॅक झालेली असते आणि पोरगा बंगलोरला नोकरीला लागलेला असतो. तेव्हा ते ४० टक्क्याला का कू करत नाहीत.

हळदीचा_कोड (सांगली):
हाहा. अजून एक राहिलंच, पोरांचा प्रोफेशनल टॅक्स मी आजवर कापलाच नाही, तो लागतो का? आणि गुमास्ता (ऑफिसची नोंदणी)?

खातेवही (नाशिक):
लागतो. तुमचं स्वतःचं पीटीईसी (धंदेवाल्याची प्रोफेशनल टॅक्सची नोंदणी), वर्षाला २५००. पगारदार ठेवलेत म्हणून पीटीआरसी (त्यांचा टॅक्स कापून भरायची नोंदणी) वेगळं काढा. मुलाचा महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. मुलीचा शून्य, महाराष्ट्रात बायकांना २५ हजारापर्यंत माफ आहे. गुमास्ता वीसपेक्षा कमी माणसं असतील तर फक्त ऑनलाइन माहिती द्यायची, परवाना नाही. आणि उद्यम असो की हे, सरकारी साइटवर स्वतः भरा, "रजिस्ट्रेशन फी" मागणाऱ्या एजंटांच्या साइट गूगलवर वरतीच दिसतात, त्यांना पैसे देऊ नका, उद्यम फुकट आहे.